काठी ते सागबारा: पेट्रोलचा भाव वर-खाली का होतो आणि सीमा ओलांडली की दहा रुपयांनी का बदलतो?



पंपावर गेल्यावर आपण लिटर सांगत नाही, रुपये सांगतो. "शंभरचं टाका" म्हटलं की विषय संपला. पण या शंभर रुपयांत टाकीत नक्की किती पेट्रोल पडतं? मार्च २०२४ च्या दरांनी हिशेब केला, तर अक्कलकुव्याच्या बाजूला साधारण ९५९ मिली आणि तिथून पुढे राज्याची सीमा ओलांडून गुजरातमधल्या सागबाऱ्याला गेलात तर साधारण १०६६ मिली. म्हणजे १०७ मिलीचा फरक. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला यात पाच किलोमीटर जास्त मिळतात. कंपनी तीच, पेट्रोल तेच आणि रस्ताही तोच, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर. मग हा फरक येतो कुठून?

मी काठीचा. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आमचं गाव आहे. राजवाडी होळीमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. आमच्याकडे रेल्वे नाही. दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळं बाईकवर नाहीतर क्रूझरमध्ये बसून गाठायचं. त्यामुळे पेट्रोलचा भाव हा आमच्यासाठी बातमीपेक्षा रोजच्या खर्चाचा विषय आहे. शिवाय गुजरात जवळ असल्यामुळे एकाच दिवसात दोन राज्यांचे दोन भाव आम्ही बघतो. भाव कसा ठरतो हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. चला, एकेक पायरी बघूया.

एका लिटरमध्ये काय काय असतं?

पंपावरचा भाव पाच तुकड्यांचा मिळून बनतो: तेल कंपनी डीलरला ज्या भावाने पेट्रोल देते ती किंमत, त्यातच धरलेली वाहतूक, केंद्र सरकारचं उत्पादन शुल्क (एक्साइज), पंपमालकाचं कमिशन आणि शेवटी राज्य सरकारचा व्हॅट.

मार्च २०२४ मधला दिल्लीचा हिशेब घेऊ. तेव्हा दिल्लीत पेट्रोल ९४.७२ रुपये लिटर होतं. त्याचे तुकडे असे:

- वाहतुकीसह कंपनीचा डीलरला भाव: ५५.६६ रुपये
- केंद्राचं उत्पादन शुल्क: १९.९० रुपये
- डीलरचं कमिशन: ३.७७ रुपये
- दिल्लीचा व्हॅट: १५.३९ रुपये

यातले पहिले तीन तुकडे मिळून होतात ७९.३३ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे. वाहतुकीचा आणि कमिशनचा थोडा फरक सोडला तर देशात कुठेही गेलात तरी इथपर्यंतचा हिशेब जवळपास सारखाच असतो.

जगाच्या हातातला भाग: बॅरल आणि डॉलर

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. कच्चं तेल बॅरलवर मोजतात आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. पैसे मोजायचे डॉलरमध्ये. म्हणून आपल्या भावावर दोन गोष्टींचा परिणाम होतो: बॅरलला किती डॉलर आणि डॉलरला किती रुपये.

गणित साधं आहे. बॅरलचा भाव गुणिले डॉलरचा दर, भागिले १५९. मार्च २०२४ मध्ये भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव ८४ डॉलरच्या आसपास होता आणि डॉलर ८३ रुपयांच्या आसपास. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, उत्तर येतं साधारण ४४ रुपये लिटर. हे झालं कच्चं तेल. ते रिफायनरीत शुद्ध करायचं, साठवायचं, पंपापर्यंत पोचवायचं आणि त्यात कंपनीचा नफाही धरायचा. असं करत ५५ रुपयांपर्यंत आकडा जातो. नेमकं सांगायचं तर कंपन्या तयार पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय बाजारातला भाव धरतात, पण तो साधारण कच्च्या तेलाच्या मागेमागेच चालतो.

आता डॉलरची ताकद बघा. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरपर्यंत चढलं होतं. तेव्हा डॉलर होता ४३ रुपयांच्या आसपास. म्हणजे कच्चं तेल पडलं साधारण ४० रुपये लिटर. मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर ब्रेंट तेल १३९ डॉलरला टेकलं, म्हणजे २००८ पेक्षा कमीच. पण डॉलर ७७ रुपयांवर गेला होता. हिशेब होतो ६७ रुपये लिटर! तेल डॉलरमध्ये स्वस्त आणि रुपयांत महाग, ते असं. म्हणून "तेल इतकं इतकं डॉलर झालं" एवढीच बातमी वाचून थांबू नका, त्या दिवशीचा डॉलरचा दरही बघा.

सरकारच्या हातातला भाग: इथे सीमा आडवी येते

आपला ७९.३३ चा आकडा घ्या आणि त्यावर दोन्ही राज्यांचा कर लावून बघू.

महाराष्ट्रात, मुंबई-ठाण्याकडचा भाग सोडला तर, मार्च २०२४ मध्ये पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट होता आणि त्याशिवाय लिटरमागे ५.१२ रुपये. म्हणजे १९.८३ अधिक ५.१२, एकूण २४.९५ रुपये. पंपावरचा भाव होतो १०४.२८ रुपये.

गुजरातमध्ये १३.७ टक्के व्हॅट आणि व्हॅटसकट आलेल्या रकमेवर ४ टक्के सेस. म्हणजे १०.८७ अधिक ३.६१, एकूण १४.४८ रुपये. पंपावरचा भाव होतो ९३.८१ रुपये.

फरक १०.४७ रुपये. प्रत्यक्ष पंपावर वाहतुकीमुळे काही पैसे इकडे-तिकडे होतात, पण हा दहा रुपयांचा फरक जवळपास पूर्णपणे राज्याच्या कराचा आहे. कच्चं तेल, डॉलर, रिफायनरी, केंद्राचं शुल्क, यातलं काहीही सीमेवर बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. व्हॅट टक्क्यांत असतो. त्यामुळे मूळ भाव दहा रुपयांनी वाढला की महाराष्ट्रात कर आपोआप अडीच रुपयांनी वाढतो. कोणी कर वाढवल्याची घोषणा करत नाही, तरी आपल्या खिशातून जास्त जातो. केंद्राचं शुल्क मात्र लिटरमागे ठरलेलं असतं. ते बदलायचं तर सरकारला तसा निर्णय घ्यावा लागतो.

"तिकडे तेल निघतं म्हणून स्वस्त" हे खरं का?

आमच्याकडे हा समज पक्का आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरत असतो. ऐकायला पटतं, कारण अक्कलकुव्यावरून जाणारा रस्ता सरळ अंकलेश्वरला जातो आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये खरोखरच तेल सापडलं होतं. जामनगरची अवाढव्य रिफायनरीही गुजरातेतच आहे.

पण हाच नियम मुंबईला लावून बघा. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल सापडलं. भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोन कंपन्यांच्या रिफायनऱ्या मुंबईतच, माहूलच्या परिसरात आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत पाइपलाइनने इंधन येतं आणि तिथल्या डेपोंतून टँकर उत्तर महाराष्ट्रात जातात. तेल जवळ निघतं म्हणून स्वस्त मिळत असतं, तर मुंबईत पेट्रोल सगळ्यात स्वस्त हवं होतं. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये मुंबईत ते १०४ रुपयांच्या वर होतं.

कारण सरळ आहे. देशात निघालेलं तेलही कंपन्या आंतरराष्ट्रीय भावाच्या हिशेबानेच विकतात. विहीर जवळ असली की वाहतुकीचे थोडे पैसे वाचतात, बस्स.

डिझेलची गोष्ट वेगळी

आमच्याकडच्या बाईकवाल्यांना सीमेपलीकडच्या पंपाचं जितकं आकर्षण आहे, तितकं क्रूझर आणि पिकअपवाल्यांना का नाही? कारण डिझेलवर महाराष्ट्रात, मुंबईकडचा भाग सोडून, व्हॅट २१ टक्के होता. गुजरातमध्ये १४.९ टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण साधारण साडेएकोणीस टक्के. दीड टक्क्याचा फरक म्हणजे लिटरमागे रुपया-सव्वा रुपया. त्यासाठी कोण वाट वाकडी करणार?

डिझेलवर कर कमी ठेवण्यामागे कारण आहे. मोलगीच्या बाजारातून आमचूर बाहेर जातो, बाहेरून मीठ, तेल, साखर वर येते, ते सगळं डिझेलवर. डिझेल वाढलं की ज्याच्याकडे गाडीच नाही त्यालाही ते किराणा दुकानात आणि जीपच्या भाड्यात मोजावं लागतं. पेट्रोल वाढलं की झळ मुख्यतः बाईकवाल्याला. गंमत अशी, की बाईक ही श्रीमंताची वस्तू समजून कर लावला तरी डोंगरात तीच गरिबाची एसटी असते.

कच्चं तेल उतरलं तरी भाव का उतरत नाही?

हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. आधी थोडा इतिहास. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे भाव ठरवणं सोडलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता भाव बदलायला लागले. कागदावर ही पद्धत अशी, की बाजार चढला तर भाव चढेल आणि उतरला तर उतरेल. प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येतात.

पहिली गोष्ट कर. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं. भारताला पडणारा सरासरी भाव २० डॉलरच्या आसपास आला होता. पण केंद्राने मार्चमध्ये पेट्रोलवरचं शुल्क ३ रुपयांनी आणि मे महिन्यात आणखी १० रुपयांनी वाढवलं. शुल्क पोचलं ३२.९८ रुपयांवर. तेल स्वस्त झाल्याचा फायदा पंपापर्यंत आलाच नाही, वाटेत सरकारी तिजोरीत गेला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले, तेव्हा ते १९.९० वर आलं. महाराष्ट्रानेही जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवरचा कर ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा ३ रुपयांनी कमी केला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा २ रुपये शुल्क वाढवलं, पण तेव्हा तेल उतरलेलं असल्यामुळे पंपावरचा आकडा हलला नाही. ज्या दिवशी भाव बदलत नाही त्या दिवशीही आतले तुकडे बदललेले असू शकतात, ते असे.

दुसरी गोष्ट कंपन्या. देशातले बहुतेक पंप इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात १३७ दिवस त्यांनी भाव हलवले नाहीत. याच काळात पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या. मग २२ मार्चपासून १६ दिवसांत भाव १० रुपयांनी वाढले. ६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी रोजचा बदल जवळपास थांबवला. तेल महाग असताना त्यांनी तोटा सोसला. २०२२-२३ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमला जवळपास ९ हजार कोटींचा तोटा झाला. मग तेल उतरलं तेव्हा त्यांनी भाव न उतरवता तो भरून काढला आणि २०२३-२४ मध्ये तिन्ही कंपन्यांचा मिळून नफा सुमारे ८१ हजार कोटींवर गेला. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर भाव २ रुपयांनी कमी झाले.

याला दोन बाजू आहेत. भाव गोठवल्यामुळे तेल भडकतं तेव्हा आपण वाचतो, हे खरं. पण उतरलेल्या तेलाचा फायदाही मग उशिरा आणि थोडाच मिळतो.

हा पैसा जातो कुठे? आणि जीएसटी का नाही?

कर म्हणजे लूट, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रस्ते, शाळा, दवाखाने याच पैशातून होतात आणि आमच्या भागाला तर त्यांची जास्तच गरज आहे. प्रश्न असा आहे, की पैसा कोणाकडे जातो? मार्च २०२४ च्या १९.९० रुपयांपैकी राज्यांशी वाटून घ्यावं लागणारं मूळ उत्पादन शुल्क होतं फक्त १.४० रुपये. बाकीचे सेस आणि अधिभार केंद्राकडेच राहतात. त्यामुळे राज्यं स्वतःच्या व्हॅटवर विसंबून असतात आणि तो सोडायला तयार होत नाहीत.

जीएसटीचं घोडंही इथेच अडलं आहे. कायद्यात पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायची सोय आहे, फक्त तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनऊच्या बैठकीत विषय निघाला आणि "आत्ता वेळ नाही" असं ठरलं. जीएसटी लागला तर अक्कलकुवा आणि सागबारा यांचा कर एकच होईल, पण दर ठरवण्याचा राज्यांचा अधिकार जाईल.

मग सीमेपलीकडे जाऊन भरायचं का?

फक्त पेट्रोलसाठी जाणार असाल तर आधी गणित करा. समजा जाऊन-येऊन ५० किलोमीटर जास्त पडतात आणि गाडी ५० चं अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे एक लिटर रस्त्यातच जळालं, साधारण ९४ रुपये. टाकीत ९ लिटर भरले तर वाचले किती? ९ गुणिले १०.४७, म्हणजे ९४ रुपये. हातात काय उरलं? शून्य. वर गाडीची झीज आणि तुमचा वेळ. कामासाठी, ऊसतोडीसाठी, सुरत-बारडोलीकडे जाणं-येणं असेल तर वाटेत टाकी फुल करा, तिथे फायदा खरा आहे. फक्त कॅनमध्ये भरून आणायच्या फंदात पडू नका. पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते आणि घाटातल्या धक्क्यांत प्लास्टिकच्या कॅनचा भरवसा नाही.

पंप लांब असलेल्या पाड्यांवर आणखी एक भाव चालतो, बाटलीचा. दुकानदार खालून पेट्रोल आणतो आणि पंपापेक्षा जास्त भावाने विकतो. तिथे कच्चं तेल आणि कर यांच्यावर अंतराची किंमत चढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी राज्याच्या आतल्या वाहतूक खर्चाची फेररचना केली, त्यामुळे दूरच्या अनेक ठिकाणी पंपावरचा भाव थोडा उतरला. पण त्याचा फायदा मिळायला जवळ पंप हवा. बाटलीच्या गिऱ्हाईकाला सगळ्यात मोठी सवलत म्हणजे जवळचा पंप.

मोबाईलवर स्वतः तपासा

१. इंडियन ऑईलच्या पंपाचा भाव एसएमएसने कळतो. इंग्रजी अक्षरांत आर, एस, पी टाइप करा, जागा सोडा, पंपाचा डीलर कोड टाका आणि ९२२४९९२२४९ वर पाठवा. डीलर कोड पंपावर लिहिलेला असतो. डोंगरात इंटरनेट नसलं तरी हे चालतं.

२. तिन्ही सरकारी कंपन्यांची अ‍ॅप आहेत. त्यात पंप निवडून भाव बघता येतो. दोन राज्यांतला एकेक पंप निवडा, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल.

३. कोणत्या राज्यात किती कर, हे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन आणि विश्लेषण कक्ष त्याच्या वेबसाइटवर देतो. वरचे माझे आकडे मार्च २०२४ चे आहेत. नवे आकडे घालून हाच हिशेब तुम्ही पाच मिनिटांत करू शकता.

पुढच्या वेळी "पेट्रोल महागलं" किंवा "स्वस्त होणार" असा फॉरवर्ड आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा. बॅरल हलला का? डॉलर हलला का? की कर हलला? पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र आपण निवडून दिलेली माणसं मुंबईत आणि दिल्लीत बसून ठरवतात. मत मागायला ती काठीपर्यंत घाट चढून येतातच, तेव्हा हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नाही.